ग्रामीण विकासाच्या मुलांना माहिती तंत्रज्ञान शिकवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

बांधावरून

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रामीण विकास हा विषय पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. यंदा ‘माहिती तंत्रज्ञान कौशल्ये’ हा पेपर माझ्याकडे आला आहे. जुना आराखडा हातात आहे, त्यात संगणकाच्या पिढ्या, इनपुट-आउटपुट साधनं, वर्डमध्ये अर्ज लिहिणं आणि शेवटी पॉवरपॉइंट. वर्गातल्या बहुतेकांची एमएस-सीआयटी झालेली आहे, त्यामुळे हे सगळं त्यांनी एकदा केलेलंच आहे. तेच पुन्हा शिकवायला मन घेत नाही.

मला खरा धक्का बसला तो मागच्या सत्रात. मुलांनी एका गावात घरोघरी जाऊन जमीन, पीक आणि पाण्याची माहिती कागदावर भरून आणली. ती संगणकात चढवली, सरासरी काढली, आलेखही छान रंगीत केला. एक विद्यार्थिनी माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, आमच्या गल्लीतले दोन शेतकरी सारख्याच जमिनीचे दिसतायत, पण तसं नाहीये.” पाहिलं तर एकाची जमीन २ एकर १० गुंठे आणि दुसऱ्याची २ एकर १ गुंठा. मुलांनी आपल्या बोलण्यातल्या सवयीप्रमाणे २.१० आणि २.१ असं भरलेलं. संगणकाने दोन्ही २.१ करून टाकलं. एकराचे गुंठे चाळीस असतात हे त्याला कोण सांगणार? आणि हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं. सगळा तक्ता आम्ही कागद काढून पुन्हा भरला.

त्या दिवसापासून वाटतंय की या मुलांना जे यायला हवं, ते आमच्या आराखड्यात कुठेच नाही. गावाचा अभ्यास करणाऱ्याला संगणक नेमका कशासाठी लागतो? तुमच्यापैकी कुणी शिकवलं असेल, शिकलं असेल किंवा गावात प्रत्यक्ष माहितीचं काम केलं असेल तर सविस्तर लिहा. प्रयोगशाळेत पंधरा चालू संगणक आहेत, नेट अधूनमधून असतं, मोबाईल सगळ्यांकडे आहे.

जुना_तलाठी

सर, तुमचा २.१० वाचून अगदी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं, त्यातली शेवटची काही संगणकावर.

तुमच्या मुलांना पहिल्या तासाला एक कृती करायला सांगा. एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत 7/12 टाइप करा आणि एंटर दाबा. सातबाऱ्याची तारीख होते! तेच गट नंबरचं. १२/३ हा गट म्हणजे बारा नंबरच्या गटाचा तिसरा हिस्सा. एक्सेल त्याला १२ मार्च समजतो. मग कुणीतरी शहाणपणाने ती चौकट ‘नंबर’ करतो आणि तिथे ४५७२८ असा आकडा उगवतो, कारण आत तो २०२५ सालातल्या १२ मार्चचा दिवस मोजून ठेवलेला असतो. ४५/१३ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण तशी तारीखच नाही. म्हणजे एकाच रकान्यात निम्मे गट शाबूत, निम्मे बिघडलेले, आणि वरवर बघणाऱ्याला कळतही नाही. उपाय साधा आहे. माहिती भरायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. नंतर करून उपयोग नाही, गेलेला गट परत येत नाही.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. संगणकाच्या आधी उतारा वाचायला शिकवा. सातबारा हा गटाचा असतो, माणसाचा नाही. एका गटात सहा खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराचे चार गट असू शकतात. खातेदाराची सगळी जमीन एकत्र बघायची तर आठ-अ. मी कितीतरी अहवाल पाहिले आहेत, ज्यात सातबारे मोजून ‘गावात इतके शेतकरी’ असं लिहिलेलं असतं. उताऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, शेतकरी सांगतो एकर-गुंठ्यात. ०.८१ हेक्टर म्हणजे दोन एकर, हे तोंडपाठ हवं. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा लिहिलेला असतो, तो धरायचा की नाही हे आधी ठरवायला हवं. आणि जो बटाईने शेत करतो तो उताऱ्यावर सहसा नसतोच. घरची बाई दिवसभर रानात राबते, तिचं नाव बहुतेक उताऱ्यांवर नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा दिसतो म्हणून गाव दिसलं, असं मुलांना वाटता कामा नये.

अक्षरवेल

मी एका सामाजिक संस्थेत मराठी मजकूर आणि तक्ते नीट करण्याचं काम करते, त्यामुळे माझा मुद्दा लिपीचा आहे. तो फार बारीक वाटेल, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गावाची माहिती मराठीत असते. मुलं ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द फाईलमध्ये शोधतात आणि संगणक सांगतो, सापडला नाही. शब्द तर समोर दिसत असतो. कारण हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर तो नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं अक्षर घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. दहा मुलांनी दहा फोनवर माहिती भरली की ‘शेतकरी’ एका गठ्ठ्यात आणि ‘शेतकऱ्यां’ची दोन-तीन गठ्ठ्यांत विभागणी होते. मी शोधताना दोन्ही रूपं शोधते आणि एक ठरवून बाकीची बदलून घेते. ही सवय पहिल्या महिन्यातच लावा.

आकड्यांचंही तेच. मराठी कीबोर्डवरून १२ भरलं तर आमच्याकडच्या संगणकांवर एक्सेलने तो मजकूर धरला, बेरजेत घेतलाच नाही. बेरीज कमी येते आणि चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही. म्हणून आमचा नियम असा: शब्द मराठीत, मोजायचे आकडे इंग्रजी अंकांत, छापताना हवे तर मराठी अंक.

जुन्या अहवालांचं तर विचारू नका. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मुलं ‘फाईल करप्ट आहे’ म्हणून टाकून देतात. ती करप्ट नसते, युनिकोड या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत रूपांतर केलं की वाचता येते. गावपातळीवरचं पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं कितीतरी लिखाण अशा फायलींत पडून आहे. ते सोडवून वाचणं हे ग्रामीण अभ्यासातलं खरंखुरं कौशल्य आहे असं मी मानते.

आणि गावाच्या नावावर कधीही दोन तक्ते जोडू देऊ नका. पिंपळगाव, पिंपळगांव, पिंपळगाव बु., पिंपळगाव बुद्रुक. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे, तो रकाना पहिला. नावं बदलतात, जिल्हे बदलतात. २०११ च्या तक्त्यात पालघर जिल्हा शोधणारी मुलं दर वर्षी भेटतात. तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, मग तिथे कसा सापडेल? धाराशिव शोधायचं तर तिथे उस्मानाबाद आहे. गावाचा क्रमांक धरला की ही सगळी भांडणं मिटतात.

रानवाट

सगळ्यांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. मी याच प्रकारचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलो, आज एका तालुक्याच्या ठिकाणी कंत्राटी पदावर आहे. वर्गात आम्हाला विकासाचे सिद्धांत भरपूर मिळाले. मुलाखतीत विचारलं ते मराठी ३० आणि इंग्रजी ४० चं टायपिंग झालंय का. माझं झालेलं नव्हतं. माझ्याआधी बाहेर बसलेल्या मुलाला नोकरी मिळाली, त्याला गावाबद्दल माझ्यापेक्षा कमी माहिती होती.

वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आहेत. दोन वर्षं घरचे पैसे घालून शिकतात. त्यांना आधी पोटाला लागेल ते द्या. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर न बघता टायपिंग, ईमेल नीट लिहिणं, जोडपत्राला धड नाव देणं, पीडीएफ लहान करणं, पोर्टलवर माहिती चढवताना मध्येच लाईट गेली तर काय करायचं. ही कामं हलकी समजू नका. ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, संस्थेत पहिल्या दिवसापासून हेच करावं लागतं. नकाशे आणि विश्लेषण हे नंतरचं.

बांधावरून

रानवाट, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि पटलंही. मी टायपिंग पेपरात घेण्याऐवजी रोजच्या प्रयोगशाळेच्या वेळेआधी अर्धा तास सक्तीने ठेवायचा विचार करतोय. इन्स्क्रिप्टच घेईन. सत्र संपेपर्यंत ३० चा वेग आला तर परीक्षेला बसवता येईल.

पण एक सांगतो. पोर्टलवर माहिती चढवणाऱ्याला ती माहिती खरी की खोटी हे ओळखता आलं नाही, तर त्या गावाचं नुकसान होतं. ई-ग्रामस्वराज हे सरकारी पोर्टल २४ एप्रिल २०२० पासून आहे, ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च तिथे कुणालाही बघता येतो. माझ्या एकाही विद्यार्थ्याने स्वतःच्या गावचं पान उघडलेलं नव्हतं. मागच्या आठवड्यात उघडायला लावलं. एका मुलाने त्याच्या वस्तीजवळच्या गटाराच्या कामाचा खर्च पाहिला आणि बराच वेळ गप्प बसून राहिला. ते गटार त्याने रोज ओलांडलेलं आहे. मला वाटतं नोकरीचं कौशल्य आणि हे, दोन्ही एकाच तासात शिकवता यायला हवं.

तेरणाकाठ

मी माहिती गोळा करणारी. तीन वर्षं घरोघर फिरले, टॅबवर प्रश्नावल्या भरल्या. एक गोष्ट लिहिते, ती लिहायला मला बराच वेळ लागला आहे.

एका अभ्यासात आम्ही कर्जाची माहिती घेतली होती. कुणाचं सावकाराकडे किती आहे, दागिने गहाण आहेत का, घरात आत्महत्या झाली आहे का. बायका दार लोटून, आवाज खाली करून सांगायच्या. आमच्याच गटातल्या एकाने ‘तपासून घ्या’ म्हणून ती पूर्ण यादी, नावांसकट, व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकली. त्या गटात गावातले दोन जण होते. संध्याकाळपर्यंत यादी पारावर पोचली. दुसऱ्या दिवशी मी ज्या ताईंकडे चहा प्यायले होते त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मी आजही त्या गावाच्या फाट्यावरून गाडी गेली की खाली बघते.

सर, तुम्ही पहिल्या आठवड्यात हे शिकवा. नाव, फोन आणि आधार क्रमांक वेगळ्या फाईलमध्ये, उत्तरं वेगळ्या फाईलमध्ये, दोन्हींना जोडणारा फक्त एक घर क्रमांक. नावांची फाईल एकाच माणसाकडे, पासवर्ड लावून. आधार क्रमांक तर मुळात मागूच नका, अभ्यासाला तो लागत नाही. घराचं जीपीएस ठिकाण घेतलं असेल तर ते नावाइतकंच ओळख देतं हे मुलांच्या लक्षात येत नाही. वाडीतल्या एकट्या घराचा बिंदू नकाशावर टाकला की नाव लिहायची गरजच उरत नाही. संमती विचारताना माहितीचं पुढे काय होणार ते मराठीत, त्यांच्या भाषेत सांगायचं आणि ‘नको’ म्हणाल्या तर हसून निघायचं. देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे, तो मुलांना वाचायला द्या. पण मला वाटतं त्या ताईंचं बंद झालेलं दार कायद्याआधी सांगायला हवं. माझं नाव न घेता सांगा, चालेल.

बांधावरून

ताई, सांगेन. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

नकाशावाली

नकाशांबद्दल मी लिहिते. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तुमच्या पंधरा संगणकांवर बसेल, पण थेट तिथून सुरू करू नका ही विनंती. मुलं बटणांत हरवतात आणि गाव बाजूला राहतं.

आधी शिवारफेरी. गावातल्या चार जाणत्या माणसांबरोबर, त्यात दोन बायका हव्यात, ओढ्याच्या उगमापासून खाली चालत यायचं. मग मंदिरापुढे किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने गाव काढायचं. बायका पाणवठे आणि सरपणाच्या वाटा दाखवतात, पुरुष बांध आणि रस्ते दाखवतात, हे मी दर गावात पाहिलं आहे. त्या रांगोळीचा वरून फोटो. त्यानंतर प्रयोगशाळेत बसून उपग्रहाच्या चित्रावर, इस्रोच्या भुवनवर किंवा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर, रांगोळीतली एकेक खूण शोधायची. विहीर सापडली की मुलांचे चेहरे बघा.

गावनकाशाचा कागद स्कॅन करून जागेवर बसवायचा असेल तर खात्रीच्या खुणा लागतात. रस्ते सरकतात, झाडं जातात. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनं देऊळ, पुलाचा कठडा, अशा खुणा धरा आणि त्या चारही बाजूंना पसरलेल्या असू द्या. सगळ्या खुणा गावठाणातल्याच घेतल्या तर शिवाराची टोकं वाकडी बसतात.

क्षेत्रफळ काढताना एक जागा अशी आहे जिथे जवळजवळ प्रत्येक वर्ग अडकतो. नकाशा अक्षांश-रेखांशात असतो आणि मुलं त्यावरच क्षेत्र मोजतात. उत्तर अंशांच्या वर्गात येतं, त्याला काही अर्थ नाही. नकाशा आधी मीटरमध्ये आणायचा. त्यासाठीच्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात. महाराष्ट्र त्यातल्या दोन पट्ट्यांत येतो, ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा आणि पूर्वेला ४४ वा. तुमचा मराठवाडा बहुतांशी पहिल्यात, नागपूर-वर्धा दुसऱ्यात. सॉफ्टवेअरमध्ये पहिला पट्टा निवडायला ईपीएसजी ३२६४३ हा क्रमांक लक्षात ठेवला तरी तुम्हाला पुरे.

आणि हे फार महत्त्वाचं. मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. विहीर, बंधारा, शाळा टिपायला ते ठीक आहे. बांध मोजायला मुळीच नाही. मुलांनी हौसेने कुणाच्या शेताची हद्द फोनवर काढून दाखवली आणि शेजारी भांडायला उठले, असं होऊ शकतं. मोजणी हे भूमी अभिलेखचं काम आहे. गावठाणाचं ड्रोनने मोजमाप झालं, त्याची सुरुवात राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून झाली, तेसुद्धा जमिनीवर चुन्याने हद्दी आखून घेऊन. आकाशातून दिसतं ते सगळं, पण कुणाचं काय हे जमिनीवरच ठरतं.

पाणलोट

माझ्या मते या सगळ्याला एकत्र बांधणारा एक विषय आहे, पाण्याचा ताळेबंद. हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पोपटराव पवारांच्या गावात दर वर्षी पाऊस बघून ग्रामसभेत पिकं ठरतात. तो हिशेब कसा मांडतात हे मात्र मुलांना कुणी करून दाखवत नाही.

पाटीवर सुरुवात करा. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला तर १० घनमीटर पाणी, म्हणजे १० हजार लीटर. हे एकदा कळलं की पुढचं सोपं. गाव १००० हेक्टरचं, पाऊस ५०० मिमी, तर ५० लाख घनमीटर, म्हणजे ५००० टीसीएम (हजार घनमीटर). मग त्यातलं किती वाहून जातं, किती मुरतं, किती उडून जातं, माणसं-जनावरांना किती, पिकांना किती. हे सगळं आधी कागदावर हाताने. नंतर तेच स्प्रेडशीटमध्ये, प्रत्येक गृहीतक वेगळ्या चौकटीत. सूत्राच्या आत आकडा कोंबायचा नाही. कारण ग्रामसभेत एखादा शेतकरी उठून म्हणतो, “आमच्याकडं मुरमाड हाय, एवढं वाहून जात न्हाई,” तेव्हा ती एकच चौकट बदलली की खालचं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत बदलायला हवं. पडद्यावर उसाचं क्षेत्र दहा हेक्टरने वाढवून दाखवा आणि शिल्लक उण्यात गेलेली बघू द्या. मग मागच्या रांगेतलीही माणसं बोलायला लागतात. एक्सेल शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

विहिरींची पातळी मुलांकडूनच मोजून घ्या. वजन बांधलेला टेप पुरतो. एक चूक नक्की होते: एका विहिरीला कठड्यापासून मोजतात, दुसरीला जमिनीपासून. कठडा तीन फुटांचा असेल तर पाणी तीन फूट खाली गेल्यासारखं दिसतं. कठड्याची उंची वेगळ्या रकान्यात लिहायची आणि वजा करायची. भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजल्या जातात, त्या आकड्यांशी आपले ताडून बघता येतात.

बांधावरून

पाणलोट, हे मी घेणारच. एक अडचण विचारतो. नेट नसताना गावात माहिती कशी भरायची? गूगल फॉर्म तिथे उघडतच नाही. आणि माझा तो एकर-गुंठ्यांचा घोळ फॉर्ममध्येच थांबवता येईल का?

तेरणाकाठ

येईल. ओडीके किंवा कोबो ही फोनवर प्रश्नावली भरायची साधनं वापरा, दोन्ही एकाच कुळातली. फॉर्म एकदा फोनवर उतरवला की नेटशिवाय भरता येतो आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. प्रश्न मराठीत लिहिता येतात.

जमिनीसाठी दोन वेगळे प्रश्न ठेवा, ‘एकर किती?’ आणि ‘वरचे गुंठे किती?’ गुंठ्यांना ० ते ३९ ची मर्यादा घाला. कुणी ४० भरलं तर फॉर्म पुढेच जाणार नाही आणि मराठीत सांगेल, “४० गुंठे म्हणजे १ एकर, एकरात भरा.” नंतर एकर अधिक गुंठे भागिले ४०. तुमचा तो २ एकर १० गुंठे २.२५ होईल आणि २ एकर १ गुंठा २.०२५. आता दोघे शेजारी वेगळे दिसतील.

पण फॉर्मच्या मर्यादांवर विसंबून राहू नका. पहिल्या दिवशी पाच घरं करून परत यायचं, सगळ्यांनी मिळून उत्तरं वाचायची, मग पुढची घरं. ‘जमीन किती’ विचारलं की कुणी भावकीची सगळी सांगतो, कुणी स्वतःच्या नावावरची. हे फोनला कळत नाही, विचारणाऱ्यालाच कळायला हवं.

जुनी_पानं

एवढ्या चर्चेत एक जुनी गोष्ट जोडतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला, तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे कसे होत गेले ते त्यांनी जुन्या दप्तरांतून काढलं. १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. संगणक नाही, छापील फॉर्मची सोय नाही. दप्तर, शेत आणि घर या तिन्ही ठिकाणी जाऊन एकमेकांशी ताडून पाहिलं.

तुमच्या मुलांना तो तक्ता स्प्रेडशीटमध्ये भरायला द्या आणि विचारा, आज स्वतःच्या गावासाठी हीच ओळ पुढे न्यायची तर कुठले कागद लागतील? त्या उत्तरात अर्धा अभ्यासक्रम येईल. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमध्ये उंच इमारतींखाली आहे, हेही त्यांनी उपग्रहाच्या चित्रावर बघावं.

अक्षरवेल

एक राहिलं. हल्ली मुलं गावाची माहिती थेट एआयला विचारतात आणि तो लोकसंख्या, साक्षरता, पिकं सगळं सफाईदार मराठीत देतो. आमच्याकडे एका मुलाने अशी दिलेली लोकसंख्या जनगणनेच्या तक्त्याशी ताडून पाहिली, जुळली नाही. सारख्या नावाच्या दुसऱ्या गावाशी मिसळली असावी. बंदी घालून उपयोग नाही. प्रत्येक आकड्यापुढे ‘कुठून आला’ हा रकाना सक्तीचा करा. सूत्र अडलं, वाक्यरचना अडली तर जरूर विचारू द्या. गावाबद्दल मात्र गावालाच विचारायचं.

बांधावरून

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितोय.

पहिला तास संगणक बंद ठेवून घेतला. तेरणाकाठ ताईंचा प्रसंग नाव-गाव न सांगता सांगितला. वर्गात पूर्ण शांतता. नंतर मुलांनी स्वतःच संमतीचा मजकूर लिहिला, चार वेळा खोडून, कारण पहिल्या तिन्ही खेपेस तो सरकारी नोटीशीसारखा वाटत होता. शेवटचा एका मुलीने तिच्या आजीला फोनवर वाचून दाखवला आणि आजीला कळला, तो ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात 7/12 टाइप करायला लावलं. सातबाऱ्याची तारीख झाली तशी सगळी एकदम बोलायला लागली. मग प्रत्येकाने घरचा उतारा आणि आठ-अ आणला. ज्यांच्या घरी जमीनच नाही अशी सहा मुलं वर्गात आहेत हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं. जमीन नसलेल्या घराची नोंद कुठल्या कागदात सापडते, हा त्यांचा प्रकल्प झाला आहे.

टायपिंगचा अर्धा तास सुरू आहे. रानवाट, तुमच्यामुळे.

परवा पहिली शिवारफेरी झाली. रांगोळीचा नकाशा निघाला, फोटो शाळेच्या गच्चीवरून घेतला. अठरा विहिरींची पातळी मोजली, मोजणाऱ्यांपैकी पाच जणांनी कठड्याची उंची लिहिलेली नाही. या शनिवारी ती पाच मुलं पुन्हा गावात जाणार आहेत. नकाशावाली, तुम्हाला एक विचारायचं होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला मिळालेली एक खूण उपग्रहाच्या चित्रात दिसतच नाही, झाडोरा आहे. तिथे काय करू?

नकाशावाली

उन्हाळ्यातलं चित्र बघा, मार्च ते मे मधलं. पानगळीनंतर ओढ्याकाठचं बरंच उघडं पडतं. तरी नाही दिसलं तर शनिवारी जाणाऱ्या मुलांना त्या खुणेपाशी पाच मिनिटं उभं राहून फोनवर ठिकाण घ्यायला सांगा, एकदा नाही, चार-पाच वेळा, आणि सरासरी काढा. बरोबर गावातलं कुणीतरी असू द्या, म्हणजे खूण तीच आहे याची खात्री होईल.